केवडीचे पाणी

टेम्पोचा फाळका खाली टेकला, तशी केवडी घोडी एकेक पाऊल जोखत उतरली. ती पांढरीशुभ्र नव्हती. केवड्याच्या पानासारखी पिवळसर होती, म्हणून ते नाव. मान उंच करून तिने नव्या जागेचा वास घेतला आणि नुकत्याच धुतलेल्या सिमेंटच्या कोब्यावर पुढचा उजवा पाय ठेवला. ठेवला तसाच उचलला, तापलेल्या तव्याला बोट लागावे तसा. मग चारही पाय गोळा करून ती अशी मागे सरली, की दावे धरून उभे असलेले सावळाराम दोन हात फरफटत गेले.

"नवी नवरी पन उंबऱ्यात अडखळते, व्याही," कमळू बोलले. "तांदळाचं माप ठेवायला पायजे व्हतं."

सगळे हसले. सावळारामही हसले, पण त्यांच्या तळहाताला दाव्याचा वळ उठला होता.

सावळाराम आटगावचे. वय चौसष्ट. तरुणपणी आय.टी.आय.मध्ये वीजतंत्रीचे शिक्षण घेऊन त्यांनी एका कारखान्याच्या देखभाल खात्यात चौतीस वर्षे काढली होती. कोणतेही काम ते आधी कागदावर करीत आणि मगच हाताने. घोड्यांचा आणि त्यांचा संबंध असा कधी आलाच नव्हता. केवडी होती त्यांच्या धाकट्या भावाची. धाकलूने शाळा चौथीत सोडली ती सोडलीच; पुढे शहापूरच्या आसपास लग्नांच्या वराती करण्यात त्याचे आयुष्य गेले. थोरल्या भावाला ते कधी फारसे मानवले नाही. "घोडीमागे फिरून काय मिळवलंस?" असे ते दर दिवाळीला विचारीत आणि धाकलू दर दिवाळीला हसे. गेल्या श्रावणात तापाचे निमित्त होऊन धाकलू गेला. मागे बायको नाही, मूल नाही. एक पत्र्याची शेड आणि शेडमध्ये बांधलेली घोडी. पुढे जागामालकाने शेड मोकळी करून मागितली, तेव्हा घोडी कुठे ठेवावी हा प्रश्न सावळारामांपुढे येऊन उभा राहिला.

तो सोडवला रुपालीने. रुपाली ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिचे सासर मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या अलीकडे. केवडी शिंगरू असताना रुपालीने तिला बाटलीने दूध पाजले होते, आणि तीन वर्षांपूर्वी हरेश नवरदेव होऊन मांडवापर्यंत आला तो केवडीच्याच पाठीवर बसून. "तिला आमच्याकडे आणा, बाबा," ती म्हणाली. सासरे कमळू लगेच तयार झाले. त्यांची ट्रॅक्टरसाठी बांधलेली लोखंडी अँगलची शेड रिकामीच होती.

मुलीच्या सासरी आपले ओझे टाकायचे, हे सावळारामांच्या मनाला लागले होते. म्हणून त्यांनी तबेल्याच्या कामात कोणतीही कसूर ठेवायची नाही असे ठरवले. वहीच्या पहिल्या पानावर सतरा कामांची यादी केली. दार रुंद करणे, अँगलला कडी जोडणे, पाण्याचा हौद बांधणे, त्यात बोअरवेलच्या लोखंडी पाइपचा नळ आणणे, कोब्याला उतार देणे, खिडकीला जाळी. घोडी येण्याच्या आदल्या दिवशी सतरापैकी सोळा कामांपुढे बरोबरची खूण झाली होती. उरलेले एक सवडीने करण्यासारखे होते. विजेची तपासणी त्यांनी स्वतः केली; पाइपला, कडीला, अँगलला टेस्टर लावून पाहिला. टेस्टरमधला दिवा कुठेही लागला नाही. त्या कामापुढची खूण त्यांनी जरा ठसठशीतच केली.

आणि तरीही केवडी तिथे राहायला तयार नव्हती.

हौदात पाणी भरले, की ती तहानेली असूनही दोन पावलांवर थांबे. नाकपुड्या फुलवी, ओठ पुढे करी, पाण्याला टेकते न टेकते तोच मान झटकून मागे उसळे. कडीला बांधले तर अंगावरची कातडी थरथरत राही. आंब्याखाली प्लास्टिकच्या बादलीत पाणी दिले, तर मात्र एका दमात बादली रिकामी. म्हणून पहिल्या आठवड्याच्या शेवटी तीन दिवस तिला तिथेच ठेवले होते. घरातले बैल जुन्या गोठ्यात मातीच्या जमिनीवर, लाकडी मेढीला बांधलेले असत. ते निवांत रवंथ करीत तिच्याकडे पाहत.

सावळाराम रोज सकाळी स्कूटरवरून आटगावहून निघत आणि किन्हवली, सरळगाव करीत साडेनऊपर्यंत पोहोचत. कारखान्यातले जाड तळव्याचे बूट पायात, पिशवीत वही आणि जेवणाचा डबा. डब्याचे कारण असे, की मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचे अन्नपाणी बापाने घ्यायचे नाही, हा त्यांच्या घरातला जुना रिवाज. आता तो कोणी पाळत नसे. सावळाराम पाळत. आंब्याखाली बसून ते आपली पोळीभाजी खात आणि आपल्याच बाटलीतले पाणी पीत.

हे रुपालीच्या सासूबाईंना, हिराबाईंना, चांगलेच झोंबले होते. एके दुपारी त्या हौदापाशी भांडी घासत होत्या. धुण्याघासण्याच्या जागी चपला घालून उभे राहणे त्यांना पटत नसे. लुगड्याचा काचा मारून, अनवाणी, त्या कामाला भिडलेल्या असत. तिथूनच त्यांनी आवाज दिला.

"घोडीला आमचं पानी चालत नाय, अन् घोडीच्या मालकाला आमची भाकर चालत नाय. एकाच वळनाची दोघं."

"तसं नाही, विहीणबाई. रिवाज आहे," सावळाराम अवघडून म्हणाले.

"तुमचा रिवाज ठावका हाय मला. पन तिचा कंचा? तिनं काय आमच्या घरात लेक दिलीय?"

रुपाली पदराआड हसली. सावळारामांनी डब्याचे झाकण लावले आणि वही उघडली. घोडीच्या बिचकण्याची नोंद ठेवायला त्यांनी सुरुवात केली होती. तारीख, वार, वेळ, जागा, वारा कुठून, जवळ कोण, घोडीने काय केले. कारखान्यात एखादे यंत्र विनाकारण बंद पडू लागले, की ते असेच करीत. कारण सापडत नसे तोवर लिहीत राहायचे, एवढेच त्यांना ठाऊक होते.

लिहिता लिहिता उपायही चालले होते. जुन्या शेडमधली धाकलूची घोंगडी आणून त्यांनी कडीवर टांगली, म्हणजे ओळखीचा वास राहील. वरातीची घुंगरमाळ गळ्यात बांधून पाहिली. धाकलूचा रेडिओ आणून लावला. घुंगरमाळेने एवढेच झाले, की घोडी बिचकली ते आता चार घरे पलीकडेही कळू लागले.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी अकराला जे व्हायला नको होते ते झाले. सावळाराम चारा सोडवीत होते. घोडी सकाळपासून पाण्यावाचून उभी आहे, हे हिराबाईंना पाहवेना. "ये गो बाय, ये, भिऊ नको," असे चुचकारत त्यांनी दावे धरून तिला हौदापर्यंत नेले. केवडीने तोंड पाण्याला लावले मात्र, आणि तिने अशी काही मान फेकली की हिराबाई अँगलवर जाऊन आदळल्या. मनगटाचे हाड चिरले. मुरबाडला नेऊन प्लास्टर घालावे लागले.

संध्याकाळी हरेश कंपनीतून आला. हरेश मितभाषी. हेल्मेट काढून त्याने ओटीवर ठेवले, आईच्या हाताकडे पाहिले आणि मग सासऱ्यांसमोर येऊन बसला.

"मामा, राग मानू नका. माझ्या लग्नात मी तिच्यावर बसलोय, मला पन वाईट वाटतं. पन आज आईचा हात गेला, उद्या रुपालीला लाथ बसली तर मी काय करू? पुनवेला म्हशाची जत्रा भरतेय. तिथं गुरांच्या बाजारात देऊन टाकू. एकजन ओळखीचा हाय, आदल्या दिशी टेम्पो पाठवतो बोलला."

"तिला घेऊन तो काय करील?" सावळारामांनी विचारले, जरी उत्तर त्यांना माहीत होते.

हरेशने मान खाली घातली. "बिचकनारी घोडी वरातीला कोन घेतो, मामा? भट्टीवर इटा वाहायला."

घोड्यांविषयी आपल्याला काही कळत नाही, ही गोष्ट सावळाराम आयुष्यभर थोड्या अभिमानाने सांगत आले होते. त्या संध्याकाळी स्कूटरला किल्ली लावताना त्या अभिमानाचीच त्यांना लाज वाटली. धाकलूचे एक बोलणे त्यांना राहून राहून आठवत होते. कधी तरी एका वरातीत केवडी रस्त्याच्या मधोमध अडून बसली होती, आणि सावळारामांनी सर्वांसमक्ष म्हटले होते, "जनावर ते जनावरच." त्यावर धाकलू शांतपणे म्हणाला होता, "दादा, ती उगाच नाय थांबत. तिला कळतंय ते आपल्याला कळायला टाइम लागतो." पुढे पाहिले तर रस्त्यावर गटाराचे झाकण नव्हते.

त्याच गुरुवारी तिन्हीसांजेला कमळूंनी गावच्या भगताला बोलावून शेडच्या दारात नारळ वाढवला होता. आणि काय आश्चर्य! शुक्रवारी सकाळी केवडी शेडमध्ये गेली, हौदावर आली आणि पोटभर पाणी प्याली. शनिवारी तसेच. रविवारी तसेच.

"बघा व्याही," कमळूंची छाती फुलली. "तुमी वहीत लिवता, आमी नारळ फोडतो. घोडीनं कोनाचं ऐकलं?"

"रात्री मात्र तिने दावे तोडले," सावळारामांनी नोंद वाचून दाखवली. "शनिवारी आणि रविवारी पहाटे ती आंब्याखाली सापडली."

"बिबट्या फिरला आसंल. त्याला नारळ काय करील?"

सोमवारी सकाळी केवडी पुन्हा हौदापासून दोन पावलांवर येऊन थांबली. कमळू त्या दिवशी भगताविषयी काही बोलले नाहीत; भेंडीच्या वाफ्यात पाणी सोडायला गेले ते जेवायलाच परतले.

आणखी एक आठवडा असाच गेला, आणि जत्रेच्या आधीचा शेवटचा सोमवार उजाडला. टेम्पो बुधवारी यायचा होता.

सावळाराम आंब्याखाली वही घेऊन बसले. एक्केचाळीस नोंदी झाल्या होत्या. जागेचा रकाना त्यांनी शंभरदा वाचला होता; हौद, कडी, कोबा. वाऱ्याच्या रकान्यातून काही निघत नव्हते. जवळ कोण होते यातूनही नाही. आज त्यांनी फक्त वार आणि वेळ हे दोनच रकाने एका कोऱ्या पानावर उतरवून घेतले. सोमवार ते गुरुवार सगळे बिचकणे दिवसाचे, सकाळी साडेआठनंतर आणि दुपारी साडेचारच्या आत. शुक्रवार ते रविवार दिवसा एकही नोंद नाही. जे काही घडले ते रात्री. एकाही आठवड्यात अपवाद नव्हता.

भूत वेळापत्रक पाळत नाही. बिबट्याही पाळत नाही. हे वेळापत्रक कुणाचे, हे त्यांना पाठ असायला हवे होते, कारण ते शेडच्या बाहेरच्या भिंतीवर मोटरच्या पेटीवर चिकटवलेले होते. शेतीच्या लाइनीला सोमवार ते गुरुवार दिवसा वीज, शुक्रवार ते रविवार रात्री. वीज आली, की कमळूंची बोअरची मोटर आपोआप सुरू होई आणि वीज जाईपर्यंत भेंडीला पाणी देत राही.

सावळाराम उठले. पेटीपाशी गेले. मोटर चालू होती. त्यांनी पुन्हा टेस्टर काढून हौदाच्या पाइपला लावला. दिवा लागला नाही. मग, चौतीस वर्षांत विजेच्या पेटीजवळ त्यांनी जे कधी केले नव्हते, आणि इतर कुणी केले असते तर ज्याबद्दल त्यांनी त्याला फैलावर घेतले असते, ते केले. बूट काढले. मोजे काढले. ओल्या कोब्यावर अनवाणी उभे राहिले आणि उलटा हात हळूच हौदातल्या पाण्यात घातला.

बोटांपासून मनगटापर्यंत सरसरून मुंग्या चढल्या.

त्यांनी हात काढला. पुन्हा घातला. पुन्हा मुंग्या. शंका नको म्हणून त्यांनी स्कूटरच्या डिकीतून मीटर आणला. पाइप आणि ओला कोबा यांच्यामध्ये एकोणीस व्होल्ट. टेस्टरचा दिवा लागायला याच्या तिप्पट तरी दाब लागतो. जाड बूट घातलेल्या माणसाला एकोणीस व्होल्ट कळतही नाहीत. पण पायात लोखंडी नाल, खाली ओला कोबा आणि ओला ओठ थेट पाण्यात असलेल्या जनावराला...

ते ओटीवर गेले. हिराबाई डाव्या हाताने वाल सोलत बसल्या होत्या.

"विहीणबाई, एक विचारतो. त्या हौदावर काम करताना तुम्हाला कधी हाताला काही जाणवतं का?"

हिराबाईंनी वर पाहिले. "मुंग्या येतात ना. हात लावला की झिनझिन्या. तुमच्या व्याह्यांना बोलले मी, तर बोलतात वय झालं. लेकाला बोलले, त्यानं डागदरकडं नेलं. डागदरनं ताकदीच्या गोळ्या दिल्या. म्हयना होईल, रोज खाते."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी कवा इचारलं? तुमी घोडीला इचारत व्हताव."

सावळाराम खाली बसले. घोडीचे कारण सापडले होते. त्यामागचे कारण मात्र वहीच्या पहिल्या पानावर होते, आणि ते पान उघडायचे त्यांना धाडस होत नव्हते. शेवटी उघडले. सतरावे काम. त्यांच्याच वळणदार अक्षरात: अर्थिंगचा नवा खड्डा, सवडीने.

अंगणाच्या कोपऱ्यात जुना अर्थिंगचा खड्डा होता. मोटरमधून चुकूनमाकून वीज झिरपली, तर ती जमिनीत जिरवून टाकायची, हे त्याचे काम. मीठ, कोळसा आणि तळाशी धातूचा पत्रा. त्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते. खड्डा सुकला की तो असून नसल्यासारखा. पाणी ओतण्यासाठी एक नळी वीतभर जमिनीबाहेर आली होती. कोबा करताना ती पाहून सावळारामच म्हणाले होते, "ही नळी घोडीच्या पायात येईल. कापा आणि वरून सिमेंट ओढा. मी दुसरीकडे नवा खड्डा करून देतो." घोडीच्या पायाची काळजी म्हणून. पाऊस संपला, जमीन वाळली, खड्डा कोब्याखाली कोरडा पडला. खाली बोअरमध्ये मोटरची केबल कुठे तरी घासली गेली असणार. झिरपलेल्या विजेला जमिनीत जायला वाट उरली नाही, तेव्हा ती पाइपातून, अँगलमधून, हौदातून वाट शोधत राहिली.

संध्याकाळी हरेश येईपर्यंत ते थांबले. तोवर त्यांनी मोटर बंद करून पेटीला कुलूप घातले होते. मोटरची केबल खराब झाली होती, असे एक वाक्य पुरले असते. ते खोटेही नव्हते. घरातल्या सगळ्यांनी त्यांचे कौतुकच केले असते, आणि सतरावे काम कोणी पाहिले नव्हते.

कमळू, हरेश, रुपाली, हिराबाई, सगळे ओटीवर होते. सावळारामांनी केबलचे सांगितले, एकोणीस व्होल्टचे सांगितले. मग वही पुढे केली.

"आणि हे माझं. नळी मी बुजवायला लावली. नवा खड्डा करतो म्हणालो आणि केला नाही. इतकी वर्षं मी पोरांना शिकवलं, की अर्थिंग आधी, बाकी सगळं मागाहून. विहीणबाई, तुमचा हात घोडीनं नाही मोडला. माझ्या आळसानं मोडला. मुलीच्या घरी येऊन मी..."

रुपाली बापाकडे पाहत होती आणि तिचे डोळे भरले होते. हरेशने वही हातात घेतली, पान वाचले, मिटली.

पहिल्या बोलल्या त्या हिराबाई. "मंजी मी म्हयनाभर गोळ्या फुकट गिळल्या?"

"आन् मी नारळ," कमळू बोलले.

त्या दोघांच्या हसण्यात कसला तरी ताण सुटला. हरेश मात्र हसला नाही. "मामा, तुमी सांगितलंत, बरं केलंत. पन एक राह्यलं. करंट जाईल. तिच्या डोक्यातली भीती जाईल का? ती परत आईला पाडनार नाय, हे कोन सांगनार?"

"मी नाही सांगू शकत," सावळाराम म्हणाले. "ते तीच सांगेल."

"टेम्पोवाल्याला मी गुरुवार बोलतो. पुनवेची सकाळ. तवर बघू."

मंगळवारी दिवसभर खड्डा खणला. सावळारामांनी पहार हातातून सोडली नाही, कमळू माती उपसत होते आणि मधूनमधून चिडवत होते, "व्याही, सवडीनं, सवडीनं." कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ, वर पाणी, आणि नळी यंदा भिंतीला लागून, कुणाच्या पायात येणार नाही अशी. बुधवारी बोअरवाले आले आणि मोटर वर काढली. केबल खरोखरच एका जागी सोलली होती. ती बदलली. दुपारी चारला, लाइन जायच्या आत, मोटर सुरू करून सावळारामांनी मीटर लावला. काटा शून्यावरून हलला नाही.

केवडीला मात्र मीटर वाचता येत नव्हता. मोटरचा आवाज आला, की ती अजूनही दोन पावलांवर थांबे.

गुरुवारी पौष पौर्णिमा. सकाळपासून रस्त्याने म्हशाकडे बैलांचे टेम्पो चालले होते. त्यांच्या गळ्यातल्या घंटा अंगणापर्यंत ऐकू येत. सावळाराम आज सातलाच आले. साडेआठला लाइन आली, मोटर घुमू लागली, हौदात पाण्याची धार पडली. हरेश ड्युटीला जायच्या कपड्यांत, हेल्मेट काखेत धरून दारात उभा होता. त्याच्या खिशातला फोन दोनदा वाजला. त्याने तो उचलला नाही.

सावळारामांनी बूट काढून भिंतीशी नीट जोडून ठेवले. केवडीचे दावे सोडले, पूर्ण सोडले, आणि एकटेच अनवाणी चालत हौदापाशी गेले. तिच्याकडे पाठ करून त्यांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. पौषातले पाणी, हाडे गारठली. त्यांनी हात काढला नाही.

"या बाई," ते हळूच म्हणाले. घोडीला अहोजाहो करणारे ते गावातले पहिलेच. "चूक माझी होती. ती आता दुरुस्त केली आहे. तुम्ही बघून घ्या."

केवडी जागची हलली नाही. बराच वेळ गेला. सावळारामांना तहान लागली होती की नाही कोण जाणे. त्यांनी ओंजळ भरली आणि त्या हौदातले, मुलीच्या सासरचे पाणी प्याले. एक ओंजळ, मग दुसरी.

रुपालीने सासूचा चांगला हात घट्ट धरला.

मागे नाल वाजला. एक. मग थांबून दुसरा. सावळारामांच्या खांद्यावर गरम श्वास आला. केवडीने मान लांब केली, ओठ पाण्याला लावला आणि झटक्यासरशी काढला. कमळूंच्या तोंडून "अरे रे" निघाले. पण ती मागे सरली नव्हती. पाय तिथेच होते. तिने सावळारामांच्या बुडालेल्या हाताकडे नाक नेले, तो हात हुंगला, आणि पुन्हा ओठ टेकवला. या वेळी घोट घशातून खाली जाताना तिच्या गळ्यावर दिसला. मग दुसरा. मग ती पितच राहिली.

हरेशने फोन काढला. "टेम्पो नको रे," तो बोलला. "नाय, गिऱ्हाइकाची गोष्ट नाय. द्यायची नाय आमाला." हेल्मेट डोक्यावर चढवून तो गेला, जाताना त्याने घोडीच्या पाठीवर हात ठेवला नाही, पण तिच्या मागून जाण्याऐवजी समोरून वळसा घेऊन गेला, तिला दिसेल असा.

सावळारामांनी हात पुसला. वही उघडली, पहिले पान काढले. खड्डा मंगळवारीच झाला होता, मीटर बुधवारीच शून्यावर आला होता. तरी खूण त्यांनी आजपर्यंत राखून ठेवली होती. ती आता केली, बारीकशी.

"पानी तर प्यालाव," हिराबाई ओटीवरून बोलल्या. प्लास्टरवर ताट तोलून त्या उभ्या होत्या. ताटात तांदळाची भाकर आणि वालाचे बिरडे. "रिवाज बुडाला तो बुडालाच. आता भाकर कशाला सोडताव?"

सावळारामांनी भिंतीशी ठेवलेल्या बुटांकडे पाहिले. मग ते तसेच अनवाणी ओटीवर चढले आणि पाटावर बसले. पिशवीतला डबा त्या दिवशी केवडीला गेला. पोळ्या तिने खाल्ल्या; भाजीकडे मात्र नाक फिरवले.